निळ्या ड्रमातलं पाणी

आमच्या थोरल्या जाऊबाई, धुरपदा आक्का, सापाला भीत नाहीत. सासूबाई होत्या तोवर त्यांनाही कधी भ्यायल्या नाहीत, आणि सासूबाई म्हणजे काय प्रकरण होतं ते अख्ख्या न्हावऱ्याला माहीत आहे. आक्का भितात ती एकाच गोष्टीला. सकाळी शेडचं दार उघडावं आणि किडे मेलेले दिसावेत, ह्याला.

किडे म्हणजे रेशमाचे. गावाबाहेर आमची वस्ती आहे, तिथं एक एकर तुती आक्कांची. तिच्या कडेला पत्र्याचं शेड, आत तीन लोखंडी रॅक. आणि शेडपासून अकरा पावलांवर आमचा ऊस. अकरा पावलं मी मोजलेली आहेत, का मोजली ते पुढं येईलच. मी धाकटी जाऊ, करुणा. बारावी सायन्स झालेली, आणि घरात हे मी कुणाला फार दिवस विसरू देत नाही.

आक्का वढू बुद्रुकच्या. चौथी शिकल्या आणि पुढं शेळ्या राखल्या. रेशमाचं त्यांना कुणी शिकवलं नाही. एका शिबिराला तीन दिवस जाऊन बसल्या, आल्या आणि मारुतरावांना म्हणाल्या, मला एक एकर द्या. मारुतराव म्हणजे त्यांचे मालक, माझे थोरले दीर, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. सोसायटीत चार माणसं त्यांच्या शब्दावर उठतात-बसतात, त्यामुळं घरातही आपला शब्द तसाच चालतो असं त्यांना वाटतं. पण एकर दिला. त्या एकरावर प्रांजलचं, त्यांच्या लेकीचं, नर्सिंगचं शिक्षण झालं.

शेडचे आक्कांचे नियम कडक. ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. तंबाखूवाला, अत्तरवाला, उदबत्तीचा हात लागलेला, कुणी असो, बाहेर. रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंगी वर चढत नाही. आणि त्यांचं नाक! पाला आणला की आधी हुंगणार. आत गेलं की दारातच थांबून एक लांब श्वास घेणार आणि सांगणार, "मधल्या रॅकवर कोन तरी आजारी हाय." आपण बघावं तर खरंच एखादा किडा सुस्त पडलेला. मी त्यांना म्हणायचे, आक्का, तुम्ही पोलिसांत जायला पाहिजे होतं, कुत्र्यांच्या जागी. त्या हसायच्या नाहीत. शेडमध्ये त्या हसतच नाहीत.

मागच्या दिवाळीत मात्र नाकही उपयोगी पडलं नाही. कसला रोग आला कोण जाणे, किडे फुगले, फुटले, पांढरं पाणी झालं, असा वास सुटला की म्हशी त्या बाजूला तोंड करेनात. पूर्ण बॅच टोपल्यांनी खड्ड्यात घातली. त्या संध्याकाळी आबा शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "अजून एक बॅच अशी गेली, तर तुती मोडायची. ऊस लावायचा. ठरलं म्हणून समज." त्या दिवसापासनं आक्कांची झोप उडाली. पहाटे उठून शेडच्या दाराला कान लावायच्या. आत किडे पाला खात असले की कुरकुर ऐकू येते. ती ऐकू आली की मगच चूल पेटवायच्या.

आता उसाचं ऐका. यंदा उसाला हुमणी लागली. हुमणी म्हणजे पांढरी, अंगठ्याएवढी, वाकडी अळी, जमिनीत राहून मुळं खाते. वरून ऊस पिवळा पडतो, धरून ओढला की गाजरासारखा हातात येतो. औषधं ओतून झाली. मग माझ्या मालकांनी, ज्ञानेशनी, माझ्या हट्टापायी कासुर्डीच्या सत्यजीतला बोलावलं. हा पोरगा घरच्या घरी एका खोलीत मित्र-सूत्रकृमी वाढवतो आणि मोटरसायकलीला बर्फाचा डबा बांधून शिरूर-दौंडभर विकत हिंडतो. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही असला बारीक जंत. सगळेच सूत्रकृमी पिकाला खात नाहीत, हे फक्त अळ्यांना खातात.

मला त्याचं बोलणं फार आवडलं. म्हणाला, "वहिनी, हे आंधळे, भैरे. पन वासाला लय तिखट. हुमणीनं मूळ कुरतडलं की मुळातनं एक वास मातीत पसरतो. त्यो लागला की हे तिकडं वळतात. जवळ गेलं की हुमणीचा श्वास. आपन सोडतो तसलाच वायू ती बी सोडती. जिकडनं श्वास दाट, तिकडं हे सरकनार. एकदा आत शिरले की पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतात. दोन दिवसांत हुमणी खलास, आन् विटकरीगत लाल पडती. ना सडत, ना घान सुटत. मग तिच्या मढ्यात ह्यांची पिलावळ. खायचं सरत आलं की आपसात आनखी एक रसायन सोडतात. त्याचा अर्थ, हितलं संपलं, चला पुढं."

मी विचारलं, "आणि रेशमाचा किडा?"

"त्यो बी अळीच की. सापडला तर सोडनार न्हाईत. पन तुमच्या शेडपत्तोर चालत जानं त्यांच्या बापाच्यानं व्हायचं न्हाई. मातीतनं हातभर सरकले तरी लय झालं. उनात मरतात, कोरड्यात मरतात. पान्याला तेवढं जपा. पान्याबरोबर कुठं बी जातील."

तेव्हाच मी अकरा पावलं मोजली आणि निर्धास्त झाले.

निर्धास्त झाले तिथं गप्प बसायचं की नाही? पण माझी जीभ. सत्यजीतनं नमुन्याला एक बशी दिली होती, ओल्या खळीसारख्या थरावर जंत सोडलेले. मी मोबाईलला भिंग लावलं आणि आक्कांना हाक मारली. म्हटलं, बघा तरी तुमचे नवे शेजारी. दोऱ्याच्या तुकड्यांसारखे वळवळत होते. मी एक नळी घेतली आणि बशीच्या एका कडेला हळूहळू श्वास सोडत राहिले. दहा मिनिटांनी पुन्हा भिंग लावलं, तर त्या कडेला गर्दी. आक्कांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"माझ्या किड्यांचा श्वास बी लागंल का गं ह्यांला?"

आता इथं मी सांगायला हवं होतं की हातभराच्या पुढं ते जात नाहीत, पाण्याला जपलं की झालं. पण आक्कांना भ्यायलेलं बघायला कधी मिळत नाही, मला गंमत वाटली. म्हटलं, "साठ हजार किडे श्वास सोडतायत आक्का. अख्ख्या उसातले जंत तुमच्याच दाराला रांग लावतील बघा." आणि हसले. आक्का बशीकडं बघत राहिल्या, मग उठून शेडकडं गेल्या. एवढा बावळटपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

गुरुवारी दिवस मावळल्यावर आम्ही उसात जंत सोडले. ऊन नको म्हणून संध्याकाळी. शेड आणि ऊस ह्यांच्या मधोमध एक निळा ड्रम असतो, दोनशे लिटरचा. त्यातच मी पाणी कालवलं. सत्यजीतनं बजावलं होतं, काठीनं हलवत राहा, न्हाईतर जंत तळाला बसतात. मी हलवत होते, ज्ञानेश पंपानं सरीला सोडत होते. अंधार पडला तेव्हा तळाशी दोन बोटं पाणी उरलं. ज्ञानेश म्हणाले, ओतून टाक, धू. मी म्हटलं सकाळी बघू. सकाळी म्हशीला रेडकू झालं आणि मी ड्रम विसरले. नळी त्यात सोडलेली होती, मोटर लागली, ड्रम भरला. रोज भरतो तसा.

त्याच ड्रमातलं पाणी आक्का घेतात. ऑक्टोबरचा उकाडा, पाला सुकू नये म्हणून पाल्याच्या ढिगावर ओलं गोणपाट टाकायचं, ही त्यांची रोजची रीत.

रविवारी सकाळी मी दूध घालून आले तर आक्का शेडच्या उंबऱ्यात बसलेल्या. असं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, गुडघे उरापाशी घेऊन. म्हणाल्या, "आत ये. बघ."

पहिल्या रॅकच्या खालच्या कप्प्यात चाळीसेक किडे मेलेले. किडे शेवटच्या अवस्थेत होते, बोटाएवढे, चार-पाच दिवसांत कोषावर जाणारे. आक्कांनी एक उचलून माझ्या नाकाखाली धरला. "हुंग. वास हाय का?"

वास नव्हता. किडा मऊ होता आणि लाल होता. विटेसारखा.

डोळ्यांपुढं तळातलं दोन बोटं पाणी आलं. वर दोनशे लिटर आलं म्हणून ते कुठं जातं? जंत तिथंच. बादली बुडवून ढवळली, की वर.

"मागच्या खेपंचा रोग न्हाई ह्यो," आक्का म्हणाल्या. "त्याला घान येती. ह्ये तुझे जंत. श्वासाच्या मागावर आले, तू म्हन्ली हुतीस तसं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात बाहेर खाटेवर आबा खोकले, आणि माझ्या तोंडातनं आलं, "आक्का, चहा ठेवू का?"

थोरल्या दिरासमोर मी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभी राहत नाही, बोलणं लांबच. जंत आणायचा हट्ट माझा. ड्रम माझा. तुती मोडली तर माझ्यामुळं मोडणार, आणि ते सगळ्या भावकीत होणार, की बारावी सायन्सनं जावेचं वाटोळं केलं. मी भ्याले. ह्याच्यावर घालायला दुसरं पांघरूण माझ्याकडं नाही.

दुपारी सगळी जेवायला बसल्यावर मी जाऊन ड्रम पालथा केला, घासला, उन्हात ठेवला. मनाला सांगितलं, संपलं, आता नवीन काही होणार नाही.

पण आक्का गप्प बसणाऱ्यातल्या आहेत का? जंत श्वासाच्या मागावर येतात ना, मग श्वास बाहेरच जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. मी ड्रम पालथा करायच्या आधीच, सकाळच्या पारी, त्यांनी घरातली सगळी गोणपाटं त्यात बुडवली होती. वीसेक असतील. शेडच्या चारी बाजूंच्या जाळीला ती ओली गोणपाटं टांगली, खिडक्यांना टांगली, दाराला दुहेरी. सुकलं की श्वास बाहेर जाईल म्हणून दर दोन तासांनी बादल्या मारत होत्या, आता नळाच्या स्वच्छ पाण्याच्या. गोणपाटातले जंत त्या पाण्यानं जित्ते राहत होते आणि थेंबाथेंबानं रॅकच्या कडांवर, पाल्यावर उतरत होते. मी हे बघत होते. बादल्या भरून देत होते. गोणपाटं काढा म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

दोन रात्री मला झोप नाही. ज्ञानेश विचारायचे काय झालं, मी म्हणायचे पित्त. सोमवारी आक्कांनी शेडमध्येच भाकरी खाल्ली. रॅकच्या मधे उभ्या राहून तोंडाला फडकं बांधून हळूहळू श्वास घ्यायच्या, आपल्या श्वासानं आणखी जंत यायचे म्हणून. पन्नाशीची बाई, दिवसभर श्वास आवरून उभी. ते बघवत नव्हतं, आणि तरी मी बोलले नाही.

मंगळवारी सकाळी पहिला रॅक अर्धा लाल. दुसऱ्याच्या कडेच्या कप्प्यांत लाल. तिसऱ्यावर अजून काही नव्हतं. आक्का नवीन बादली उचलायला वळल्या, तेव्हा मी बादलीची कडी धरली.

"आक्का, पाणी नका मारू. श्वासानं नाही आले ते. पाण्यातनं आलेत. मी ड्रममध्ये कालवलं होतं, धुतला नाही. ही गोणपाटं त्याच पाण्यात भिजलीत. हीच काढायला पाहिजेत."

आक्कांनी बादली खाली ठेवली. एकच विचारलं.

"कवा कळलं तुला?"

"रविवारी. तुम्ही किडा दाखवला तवा."

वाटलं होतं कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्या वळल्या आणि दारावरचं गोणपाट ओढून काढलं. मग दुसरं. मीही ओढायला लागले. सत्यजीतला फोन लावला, तो पलीकडनं ओरडत होता, सगळं कोरडं करा, ओला पाला एक पान ठेवू नका, चुना धुरळा, वारं खेळू द्या, गोणपाटं उकळा. दुपारपर्यंत आम्ही पाला काढला, किड्यांखाली कोरडा चुना टाकला, रॅक फडक्यानं पुसले. मेलेले चिमट्यानं वेचून डब्यात भरले आणि उकळत्या पाण्यात टाकले. आक्का लागेल ते नुसता हात पुढं करून मागत होत्या.

त्या दिवशी मेलेल्यांचं पाप ड्रमाचं होतं, असं एक वेळ म्हणता येईल. पण जंत आत गेल्यावर किडा मरायला दोन दिवस लागतात. बुधवारी मेले, गुरुवारी मेले, ते सोमवारी आणि मंगळवारी लागण झालेले. म्हणजे मी गप्प होते तेव्हाचे. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि आक्कांनाही नव्हती. गुरुवारी वेचताना त्या प्रत्येक लाल किडा उचलून क्षणभर धरत होत्या आणि मग डब्यात टाकत होत्या. मी समोर बसून तेच करत होते.

शुक्रवारी मरणं थांबलं. तिसरा रॅक जवळजवळ सगळा वाचला, दुसऱ्यातला अर्धा वाचला. किडे पिवळसर झाले, माना हलवायला लागले, आक्कांनी ते कोष करायला चंद्रिकांवर, म्हणजे बांबूच्या जाळीदार चटयांवर, सोडले. संध्याकाळी आबा आले. आत बघून म्हणाले, "दीड रॅक गेला की. निम्मी बॅच. आपलं काय ठरलं हुतं?"

आक्का उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सांगायचं तर त्या एका वाक्यात सांगू शकत होत्या, पण त्या चंद्रिकेवरचे किडे सारखे करत राहिल्या. मी पदर डोक्यावर घेतला. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर परवा ट्रॅक्टर येणार, हे कळत होतं.

"आबा, आक्कांची चूक न्हाई. रोग बी न्हाई. मी ड्रम धुतला नव्हता. आन् कळल्यावर दोन दिवस मी बोलले न्हाई."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आतापर्यंत मी त्यांच्याशी एवढं लांब कधी बोलले नव्हते, बहुतेक त्याचाच त्यांना धक्का बसला असेल.

"मंजी किडे आपल्या चुकीनं मेले. मग तुती कशाला मोडायची?" दारातनं जाता जाता वळले. "आन् उसातली हुमणी?"

"मरतीय. लाल पडलीय."

"मग ड्रम दुसरा आना," म्हणाले आणि गेले.

तुती राहिली. मला वाटलं, मिटलं. माणूस किती लवकर स्वतःला माफ करतो बघा.

पुढची बॅच दिवाळीनंतर आली. मी पाल्याची मोळी घेऊन गेले, ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवले आणि आत जायला लागले, तर आक्का उंबऱ्यात उभ्या. बाजूला होईनात.

मी आपली थट्टेवर न्यायला म्हटलं, "अजून जंतांची भीती वाटती व्हय, आक्का? आता तर ड्रम बी नवा हाय."

"जंतांचं कशाला भ्या," आक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, रोजच्यासारखाच होता. "ते कशानं येतात, कशानं मरतात, समदं ठावं झालंय मला. तू दोन दिस माझ्या शेजारी उभी हुतीस, बादल्या भरून देत हुतीस, आन् तुला ठावं हुतं. त्याच्यावर मी कंचा चुना टाकू?"

आक्कांनी मोळी माझ्या हातातनं घेतली, हुंगली, आणि दार आतनं लावून घेतलं.